‘अ मेमरी ऑफ लाइट’: वाचून बरेच महिने झाल्यावर

आधीच सांगतो, पुढे सगळं फोडलंय. ‘द व्हील ऑफ टाइम’ ही कल्पनारम्य कादंबरीमालिका अजून वाचत असाल तर इथूनच परत फिरा.

मालिकेचं हे चौदावं आणि शेवटचं पुस्तक वाचून बरेच महिने झाले. मधल्या काळात ऑडिओबुक ऐकून झालं, आवडते भाग पुन्हा काढून वाचले. वाटलं होतं नाराजी हळूहळू निवळेल. ती निवळली नाही, पण नेमकं कुठे खुपतंय ते आता बोट ठेवून सांगता येतं.

या पुस्तकाचं नाव काढलं की ‘लेखक बदलला, दुसरं काय होणार’ हे वाक्य ठरलेलं. रॉबर्ट जॉर्डन २००७ मध्ये गेले. त्यांच्या पत्नी आणि संपादक हॅरिएट मॅकडूगल यांनी उरलेलं काम ब्रँडन सँडरसनकडे सोपवलं, आणि एका पुस्तकात संपणारी गोष्ट तीन पुस्तकांत पसरली: २००९, २०१० आणि हे २०१३ चं. हात बदललेला कळतो, नाही असं नाही. तिन्हींपैकी पहिल्या पुस्तकातला मॅट, म्हणजे नायक रँडचा गावचा मित्र, तर ओढूनताणून विनोद करणारा कुणी भलताच वाटायचा. पण इथवर येईपर्यंत तो बराच रुळलाय. आणि दहावं पुस्तक जॉर्डन यांनी स्वतःच लिहिलं होतं, त्यात कथा जागची हलत नव्हती, हेही लोक सोयीस्करपणे विसरतात. माझी तक्रार भाषेबद्दल नाहीच. कशाला किती पानं दिली, याबद्दल आहे.

सदतिसावं प्रकरण घ्या, ‘द लास्ट बॅटल’. हे एकटं प्रकरण सुमारे ७९ हजार शब्दांचं आहे. एवढ्यात एक अख्खी कादंबरी बसते. पहिल्यांदा वाचताना मी ते खाली ठेवूच शकलो नाही, दम लागला अक्षरशः. पण दुसऱ्या फेरीत लक्षात आलं की त्यातलं कितीतरी मी नुसतं चाळतोय. या डोंगरावरची तुकडी त्या नदीकडे, ती नदी अडवली, मग परत डोंगर. ऐकताना तर आणखी पंचाईत, नकाशा डोळ्यांसमोर नसेल तर कोण कुठे लढतंय काही कळत नाही. (केट रीडिंग आणि मायकल क्रेमर यांचं वाचन मात्र उत्तम. तिथे बोलायला जागा नाही.)

आणि ज्यांची आपण इतकी वाट पाहिली त्यांच्या वाट्याला काय आलं? पेडन फेन. पहिल्या पुस्तकातला फिरता विक्रेता. तेव्हापासून हा माणूस रँडच्या मागावर आहे, सडत, बदलत, दर खेपेला आधीपेक्षा भयानक होत. त्याला मॅटनेच मारायचं आणि त्याच खंजिराने मारायचं, ही मांडणी अगदी बरोबर आहे. जो खंजीर चोरून मॅटने पहिल्या पुस्तकात स्वतःचा जीव धोक्यात घातला, तोच. पण दोन-चार पानांत आटोपलं सगळं. मी मागे जाऊन पाहिलं, मधलं काही निसटलं तर नाही ना.

शत्रूचा मुख्य सेनापती डेमॅन्ड्रेड, त्याचं त्याहून वाईट. हा कुठल्या वेशात लपलाय यावर वाचकांनी वर्षानुवर्षं डोकं खाजवलं. आणि तो उगवतो थेट शेवटच्या पुस्तकात, शारा नावाच्या आपण कधीच न पाहिलेल्या देशाचं सैन्य घेऊन. तिथले लोक त्याला तारणहार मानतात. कसे काय, कधीपासून? ती गोष्ट लिहिली गेली होती, पण पुस्तकातून वगळली आणि २०१३ मध्येच एका कथासंग्रहात ‘रिव्हर ऑफ सोल्स’ नावाने वेगळी छापली. रँडचा दुसरा मित्र पेरिन, त्याचा एक मोठा वगळलेला भागही असाच २०१९ मध्ये दुसऱ्या एका संग्रहात आला. म्हणजे सैन्याच्या हालचालींना जागा होती आणि मुख्य सेनापतीच्या पूर्वायुष्याला नव्हती. हे गणित मला आजवर सुटलेलं नाही.

सगळ्यात जास्त राग मात्र लढाई संपल्यानंतरच्या पानांवर आहे, कारण ती जवळपास नाहीतच. एग्वीन मरते. एका खेड्यातून एकत्र निघालेल्या पोरांपैकी ती एक, पुढे अमर्लिन, म्हणजे जादू करणाऱ्या बायकांच्या संघाची प्रमुख झालेली. तिचं मरण जबरदस्त लिहिलंय, याबद्दल वाद नाही. पण नंतर जिवंत राहिलेल्यांनी एका जागी बसावं, तिचं नाव काढावं, रडावं, भांडावं, असा ऐसपैस प्रसंग कुठे आहे? स्यूआन आणि ब्राइन ही जोडी तर कधी गेली हे धावता धावता कळतं. शॉनचान लोक जादू येणाऱ्या बायकांना गळ्यात पट्टा घालून गुलाम करतात, हा दुसऱ्या पुस्तकापासूनचा ठसठसता प्रश्न. करार होतो, लढाई जिंकली जाते, पट्टे तसेच राहतात. सगळ्या गाठी सुटाव्यात असा माझा हट्ट नाही. पण या गाठीकडे निदान वळून बघायला हवं होतं.

काही जागा मात्र अजून मनातून जात नाहीत. रँडच्या अखेरच्या सामन्याच्या गुहेत त्याच्याच गावच्या नायनीव्हला तिची जादूची शक्ती वापरता येत नाही, समोर अलाना रक्ताच्या थारोळ्यात, आणि अलाना मरताना रँडशी जादूने जोडलेली असली तर तोही बिथरणार. तेव्हा नायनीव्ह पोटलीतून झाडपाला काढते, सुई-दोरा घेते आणि गावातल्या वैदूबाईसारखी कामाला लागते. पहिल्या पुस्तकात होती तशीच. शिकलेलं सगळं बाजूला पडल्यावर जे हाताशी उरलं, त्याने ती जग वाचवते. तलवारबाज लॅन आणि डेमॅन्ड्रेडची झुंजही तशीच, कमी शब्दांत आणि थेट. या पुस्तकाला नेमकेपणा जमत नव्हता असं म्हणायची सोयच नाही, म्हणून तर जास्त चिडचिड होते.

शेवटचा प्रसंग जॉर्डन यांनी मरणापूर्वी लिहून ठेवला होता. रँड दुसऱ्याच्या शरीरात, बहुतेक जगाच्या लेखी मेलेला, चिलीम पेटवतो. शक्ती गेलेली आहे, तरी नुसतं मनात आणताच ती पेटते. कशी, ते सांगितलेलं नाही. यावर बरेच जण भडकतात, मला ते कोडं आवडलं. फक्त त्याच्या आधी शंभरेक पानं शांतता हवी होती. लढाईची पानं कमी करून ती जागा सहज निघाली असती.

पाचपैकी तीन तारे. सातव्या-आठव्या पुस्तकात अडकलेले विचारतात, एवढं सोसून पुढे जावं का. जावं. तेराव्यानंतर थोडी विश्रांती घ्या, सदतिसावं प्रकरण छापील पुस्तकात वाचा, आणि ‘रिव्हर ऑफ सोल्स’ मिळालं तर डेमॅन्ड्रेड येण्याच्या आधीच वाचून टाका.