भावना दाबून टाकायची की घटनेचा अर्थ बदलून पाहायचा?

मैत्रिणीनं मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा दिसतात, उत्तर मात्र नाही. पोटात गोळा येतो. इथून दोन वाटा फुटतात.

पहिली म्हणजे चेहरा कोरा ठेवून 'काही नाही' म्हणणं. भावना दिसत नाही, पण आत तशीच राहते. चेहरा सांभाळण्यात लक्ष गुंतल्यानं समोरचं बोलणंही धड लक्षात राहत नाही. ही सवयच जडलेल्या मुलांत नैराश्याची लक्षणं जास्त आढळतात. तात्पुरतं दाबणं वेगळं. परीक्षेच्या हॉलमध्ये रडू आवरलं तर बिघडत नाही.

दुसरी, घडलेल्या गोष्टीचा अर्थ बदलून पाहणं. भावना हाताळण्याच्या सवयी मोजणाऱ्या, ग्रॉस आणि जॉन या मानसशास्त्रज्ञांच्या २००३च्या प्रश्नावलीत १०पैकी ६ विधानं या वाटेवर आहेत, ४ दाबण्यावर. आधी भावनेला नेमकं नाव द्या: राग, की एकटं पडण्याची भीती? मग मनातला अर्थ एका वाक्यात लिहा: 'मी तिला नकोशी झाले.' त्याच घटनेचे आणखी दोन पटणारे अर्थ शोधा. 'सगळं छान होईल' चालणार नाही, ते मनाला पटत नाही. गाडी बहुतेकदा इथेच अडते.

भावना शिगेला असताना हे जमत नाही. आधी चालून या, श्वास सावकाश सोडा. आणि खरोखर छळ होत असेल, तर अर्थ बदलत बसू नका. विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांगा.