तीन घड्याळे, एक अकीक आणि ठाण्याची धूळ

ठाण्याहून घणसोलीपर्यंत रोज लोकलने जाणाऱ्या माणसाने मनगटी घड्याळ निवडताना आधी काच पाहावी, मग आतले यंत्र आणि सर्वांत शेवटी नाव, असे माझे मत गेल्या काही महिन्यांत पक्के झाले आहे. पावसाळ्याच्या तोंडापासून मी तीन घड्याळे आलटून-पालटून वापरत आहे : सेलवर चालणारे क्वार्ट्झ, जपानी बनावटीचे ऑटोमॅटिक आणि चावीचे एचएमटी जनता. त्याच सुमारास दख्खनच्या कातळातून निघालेल्या अकीकाचा एक करडा, पट्टेदार खडा चांदीच्या अंगठीत बसवून घेतला. घड्याळ आणि खडा यांचा अनुभव मी एकत्र लिहीत आहे, कारण दोहोंचा कस एकाच गोष्टीने लावला आणि ती म्हणजे धूळ.

वेळेच्या अचूकतेत क्वार्ट्झच्या जवळपासही दुसरे कोणी येत नाही. क्वार्ट्झच्या स्फटिकावर दाब दिला की वीज निर्माण होते, हे जाक आणि पिएर क्यूरी या भावांनी १८८० मध्ये दाखवून दिले. घड्याळात याच्या उलट घडते, म्हणजे सेलची वीज मिळताच दुहेरी काट्याच्या आकाराचा इवलासा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो आणि सर्किट ही संख्या १५ वेळा निम्मी करत सेकंदाला एका ठोक्यावर आणते. अशा प्रकारचे पहिले मनगटी घड्याळ सेको कंपनीने १९६९च्या डिसेंबरमध्ये बाजारात आणले. माझे घड्याळ महिनाभरात काही सेकंद इकडेतिकडे होते, ज्याकडे लक्ष देण्याचेही कारण नाही. ज्यांना फक्त ८:१२ची गाडी गाठायची आहे, त्यांनी पुढचे वाचले नाही तरी चालेल.

ऑटोमॅटिकचे तसे नाही. हाताच्या हालचालीने आतला अर्धगोल रोटर फिरतो आणि स्प्रिंगला चावी बसते; पूर्ण चावी बसलेली असेल तर माझे घड्याळ साधारण ४१ तास चालते. म्हणजे शुक्रवारी रात्री काढून ठेवले, तर सोमवारी सकाळी ते बंदच सापडणार आणि घाईच्या वेळी वेळ, वार, तारीख सगळे लावत बसावे लागणार. कंपनीच्याच माहितीपत्रकात दिवसाला ४५ सेकंद पुढे ते ३५ सेकंद मागे एवढी मुभा दिलेली आहे, हे घेण्यापूर्वी वाचून ठेवावे, म्हणजे नंतर दुकानदाराशी हुज्जत घालण्याची पाळी येत नाही. मात्र घड्याळ एकाएकी दिवसाला काही मिनिटे पुढे पळू लागले, तर यंत्र बिघडले असे लगेच समजू नये. मोबाइलच्या कव्हरमधील किंवा पर्सच्या झडपेतील चुंबकाने केसासारख्या बारीक स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि मग असे होते. नौपाड्यातल्या माझ्या घड्याळजींनी एका छोट्या यंत्रावर ते क्षणभर धरले आणि दोष गेला.

एचएमटीची गोष्ट वेगळी, कारण ते घड्याळ उपयोगापेक्षा आवडीने घेतले. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने एचएमटीने १९६१ मध्ये बंगळूरला घड्याळे बनवायला सुरुवात केली, आणि आता बाजारात चावीची बहुतेक जुनी घड्याळेच फिरतात. त्यांतील पुष्कळांच्या तबकड्या नव्याने रंगवलेल्या असतात. अक्षरांच्या कडा फुगीर दिसल्या, आकडे रेषेत नसले किंवा जुनी म्हणून दाखवलेली तबकडी नको तितकी चकचकीत असली, तर मागचे झाकण उघडून दाखवायला सांगावे. आतल्या १७ ज्वेलविषयी मोठा गैरसमज आहे. ती कृत्रिम माणके आहेत, धुरा घासून झिजू नयेत म्हणून बसवलेली. १९०२ मध्ये फ्रान्सच्या ओग्युस्त व्हेर्नॉय यांनी ज्वालेत माणिक तयार करण्याची रीत जाहीर केल्यापासून ती स्वस्तात मिळतात, त्यामुळे ज्वेलच्या संख्येवरून किंमत वाढवून सांगणाऱ्याचे मनावर घेऊ नये. जुलैच्या दमट हवेत या घड्याळाच्या काचेखाली वाफ धरली, तेव्हापासून पावसात ते कपाटातच राहते.

आता धुळीविषयी. घोडबंदर रस्त्याची खोदकामे, खडी क्रशर, फलाटावरची गर्दी यांतून मनगटावर बसणाऱ्या धुळीत वाळूचे, म्हणजे सिलिकाचे कण असतात, आणि त्यांची कठीणता मोह्‌स श्रेणीवर, म्हणजे ओरखडा न उमटण्याची ताकद १ ते १० आकड्यांत मोजणाऱ्या पट्टीवर, ७ आहे. साध्या मिनरल काचेची कठीणता ५ ते ६च्या आसपास असल्याने माझ्या क्वार्ट्झच्या काचेवर सहाच्या आकड्याजवळ कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे उमटले आहेत. उन्हात घड्याळ तिरके धरले की ते दिसतात आणि ते पुसून जात नाहीत. ऑटोमॅटिकची काच कृत्रिम नीलमाची, कठीणता ९ असलेली आहे. तिच्या शेजारची पोलादी कड खरचटली तरी काचेवर एकही रेघ नाही. एचएमटीची अॅक्रिलिक काच तिन्हींत सर्वांत मऊ आणि सर्वांत आधी खराब होणारी, परंतु तिच्यावरचे ओरखडे सुती फडके आणि पॉलिशची पेस्ट घेऊन घरीच घासून काढता येतात, ही सोय मिनरल काचेत नाही.

अकीकही सिलिकाच, कठीणता ६.५ ते ७. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले. पुढे त्या पोकळ्यांत झिरपलेल्या पाण्यातील सिलिका थरावर थर बसत गेली आणि पट्टे तयार झाले. सूक्ष्म तंतूंची घट्ट वीण असल्यामुळे हा दगड सहजी फुटत नाही. तेर आणि पैठण येथील उत्खननांत अकीकाचे प्राचीन मणी मिळाले आहेत. माझ्या खड्याची झिलई अजून जशीच्या तशी आहे. सभोवतीची चांदी मात्र पावसाळ्यात काळवंडली आणि खरचटली.

खडा घेताना सराफाने पहिला प्रश्न विचारला, “ताई, रास कोणती?” मी कठीणता विचारली, तेव्हा त्यांना जरा गंमत वाटली, पुष्कराज दाखवण्याचा आग्रह मात्र त्यांनी सोडला नाही. दुसऱ्या एका विक्रेत्याने गडद निळा अकीक अस्सल रंगाचा म्हणून पुढे केला होता. अकीक सच्छिद्र असल्याने सहज रंगवता येतो; भेगांशी रंग दाटलेला दिसला, तर तो मुरवलेला आहे असे समजावे. रंगवलेला दगड वाईट नव्हे, पण मग भाव त्याप्रमाणे असावा.

आपल्या कातळातले सर्वांत देखणे खनिज अकीक नसून अपोफिलाइट आणि स्टिल्बाइट हे आहेत. जळगावचे हिरवे अपोफिलाइट आणि पुण्याजवळच्या वाघोलीचे निळे कॅव्हन्साइट जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहेत. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात अशी खनिजे पाहायला मिळतात. मात्र अपोफिलाइटची कठीणता ४.५ ते ५ एवढीच आहे आणि तो एका पातळीत सहज दुभंगतो, म्हणून त्याची अंगठी करण्याच्या फंदात पडू नये. माझ्या टेबलावर पीच रंगाच्या स्टिल्बाइटवर उमललेल्या अपोफिलाइटचा एक गुच्छ आहे. त्यावरची धूळ फडक्याने पुसली तर तीच धूळ ओरखडे पाडते, त्यामुळे मी ती मऊ कुंचल्याने झटकते. गुच्छ विकत घेताना स्फटिकांची टोके शाबूत आहेत ना आणि तळाशी गोंदाचा जोड नाही ना, हे भिंगातून पाहून घ्यावे. विक्रेता भिंग द्यायला कां-कूं करू लागला, तर दुसरे दुकान गाठावे.