गूगलची इंजिनिअर भरती : मुलाखती ठीक, पुढचं ताटकळणं असह्य

गूगलमध्ये सॉफ्टवेअर इंजिनिअरच्या जागेसाठी अर्ज करणाऱ्याला सगळे कोडिंगच्या प्रश्नांची भीती घालतात. खरा मनस्ताप ते प्रश्न संपल्यावर सुरू होतो.

३० दिवसांत तीनच जागांसाठी अर्ज करता येतो, म्हणून दिसेल तिथे रेझ्युमे टाकू नका. रिक्रूटरचा फोन, ४५ मिनिटांची एक तांत्रिक फेरी आणि मग साधारण चार मुलाखती, प्रत्येकी सुमारे पाऊण तासाची. पूर्वी याहून कितीतरी जास्त फेऱ्या व्हायच्या. कंपनीने आपलीच आकडेवारी तपासली, तेव्हा चार मुलाखतींत ८६ टक्के खात्रीने निर्णय घेता येतो आणि पुढच्या फेऱ्यांनी फारशी भर पडत नाही, असं दिसलं. विमानात किती गोल्फचे चेंडू मावतील, असली कोडी म्हणजे निव्वळ वेळेचा अपव्यय, हेही तेव्हाचे मनुष्यबळ प्रमुख लास्लो बॉक यांनी २०१३ मध्ये मान्य केलं. या दोन सुधारणांचं श्रेय द्यायलाच हवं.

कोड बहुधा साध्या डॉक्युमेंटसारख्या पानावर लिहावा लागतो. तो रन होत नाही, ऑटोकम्प्लीटही नसतं. लीटकोड या कोडिंग सरावाच्या वेबसाइटवरच्या एडिटरची सवय झालेले इथेच अडखळतात. शेवटचे दोन आठवडे कोऱ्या पानावर सराव करा आणि कोड झाला की एक छोटं इनपुट घेऊन तो ओळीनओळ हाताने चालवून दाखवा. विचार मोठ्याने बोला. मुलाखत घेणारा गुण आणि नोंदी लिहितो, निर्णय मात्र तुम्हाला कधीही न भेटलेली समिती त्या कागदांवरून घेते. नोंदीत जे आलं नाही, ते समितीच्या लेखी घडलेलंच नसतं. एखाद्या मुलाखत घेणाऱ्याने नोंदी दोन ओळींत उरकल्या, तर तुमची काही चूक नसताना आणखी एक फेरी मागे लागू शकते. नकार आला तर त्याची सविस्तर कारणंही मिळत नाहीत, हा सरळ अन्याय आहे.

सर्वांत वाईट टप्पा टीम मॅचिंगचा. मुलाखती उत्तम झाल्या तरी एखादा मॅनेजर आपल्या टीमसाठी निवडेपर्यंत हातात ऑफर नसते. यात आठवडे जातात, कधी महिने. मधेच भरती गोठली तर सगळी मेहनत लटकते. म्हणून पहिल्याच फोनवर विचारा : ही जागा ठरावीक टीमची आहे की सर्वसाधारण? ठरावीक असेल तर हा टप्पा बहुधा टळतो. फक्त पुणे हवं म्हणालात तर पर्याय कमी होतात. बंगळुरू, हैदराबादचीही तयारी ठेवा.

आपल्याकडे नोटीस पिरियड ६० ते ९० दिवसांचा असतो, पण लेखी ऑफर येईपर्यंत राजीनामा देऊ नका. दुसऱ्या कंपनीची ऑफर असेल तर तिची मुदत रिक्रूटरला लगेच तारखेसकट कळवा. अडकलेली फाइल हलवायला उमेदवाराच्या हातात तेवढंच असतं.