लातूर यार्डातली आमची आडत : काटा चोख अन् माहिती त्याहून चोख

तीन सीझन झाले सोयाबीन ह्याच आडतीवर, म्हंजे शेतमाल विकून देणाऱ्या दुकानावर, घालायलोय म्हणून मनापासून लिहितो. काट्याचा आकडा आपल्यासमोर, मूठभर दाणे मॉइश्चर मशीनात टाकून ओलावा 12 टक्क्यांच्या वर किती ते लगेच दाखवतात, पट्टीवर, म्हंजे विक्रीच्या हिशोबाच्या पावतीवर, हमाली-तोलाई वेगळी लिहून येते. आधी जिथं जायचो तिथं मातेराच्या (काडीकचऱ्याच्या) नावाखाली कट्ट्यामागं किलोभर कापायचे, विचारलं की अंगावर यायचे.

पण खरं आवडलं ते मालकांचं समजावून सांगणं. सप्टेंबर 2024 ला केंद्रानं कच्च्या खाद्यतेलावर 20 टक्के मूळ आयात शुल्क लावलं तवा आम्हाला वाटलं आता भाव उठतोय, पण त्या सीझनला हमीभाव क्विंटलला 4892 रुपये असून यार्डात माल त्याच्या खालीच गेला, आणि मे 2025 च्या शेवटी शुल्क परत 10 वर आणलं. त्यात साफ्टा म्हंजे दक्षिण आशियातल्या देशांच्या मुक्त व्यापार करारामुळं नेपाळातून रिफाइंड तेल बिनड्युटी यायलंय, तिथं सोयाबीन पिकतंय कितीसं हो, बाहेरून कच्चं तेल आणायचं, रिफाइन करायचं अन् इकडं पाठवायचं. मालक काकांनी हे सगळं वहीच्या मागच्या पानावर आकडे मांडून दाखवलं. पुण्यातल्या बहिणीला तेल स्वस्त पडतं हे खरंय, पण आमचं खत-बियाणं कोण स्वस्त करणार?

एकदा पैशाला चार दिवस लागले, तेवढं सुधारा. तूर पण इथंच आणणार.