जुनी कार्टूने: डीव्हीडी घ्यावी की ब्लू-रे?

‘लूनी ट्यून्स’ या अमेरिकी कार्टून मालिकेचे जुने लघुपट संग्रही ठेवायचे, तर डीव्हीडीवरील ‘गोल्डन कलेक्शन’ आणि ब्लू-रेवरील ‘प्लॅटिनम कलेक्शन’ हे दोन ठळक पर्याय आहेत. २००३ ते २००८ या काळात डीव्हीडीचे प्रत्येकी चार तबकड्यांचे सहा संच निघाले. २०११ ते २०१४ या काळात आलेले ‘प्लॅटिनम’चे ब्लू-रे संच मात्र तीनच. चित्राच्या बाबतीत ब्लू-रे निर्विवाद सरस आहे, कारण तेथे चित्र ४८० ऐवजी १०८० आडव्या ओळींचे मिळते. उलट काही डीव्हीडींत चित्र स्वच्छ करण्याच्या नादात धावत्या पात्राची शाईची बारीक रेघच मधूनमधून पुसली गेली आहे, आणि हे खरोखर अक्षम्य आहे.

तरीही यवतमाळकडच्या एखाद्या खेड्यात राहणाऱ्याने डीव्हीडीच घ्यावी, असे माझे मत आहे. डीव्हीडी जगाच्या ज्या विभागासाठी (रीजन) काढलेली असते, त्याच विभागाच्या प्लेअरवर चालावी, असे बंधन असते. अमेरिकी डीव्हीडी रीजन १ ची, आपला प्लेअर रीजन ५ चा. पण साधे प्लेअर बहुधा हे बंधन पाळत नाहीत आणि बिघडले तरी तालुक्याला दुरुस्त होतात. ब्लू-रे प्लेअरसाठी नागपूर गाठावे लागते. उन्हाळ्यात टिनाखालच्या खोलीत मात्र दोन्ही तबकड्या सारख्याच धोक्यात असतात. तबकड्या मातीच्या भिंतीच्या खोलीत, उभ्या ठेवाव्यात.