दादरचा त्रैक्यावरचा मराठी वर्ग: जावं, पण वाफेचं उदाहरण विसरावं

त्रैक्य म्हणजे पिता, पुत्र येशू आणि पवित्र आत्मा या तीन व्यक्ती, पण देव एकच, ही ख्रिस्ती शिकवण. चर्चच्या हॉलमधल्या या वर्गाची जमेची बाजू म्हणजे तिच्यावरच्या आक्षेपाला बगल देत नाहीत. बायबलमधल्या कलस्सै १:१५ मध्ये येशूला म्हटलेलं ‘ज्येष्ठ’ म्हणजे आधी निर्माण झालेला, म्हणून तो देव नव्हे, हा नेहमीचा मुद्दा. इथे सरळ स्तोत्र ८९:२७ उघडायला लावतात. दावीद इशायाचा धाकटा मुलगा, तरी देव त्याला ज्येष्ठ करतो. म्हणजे शब्द मानाचा, जन्मक्रमाचा नव्हे. शिवाय कलस्सैतलं पुढचंच वचन सांगतं, सगळं येशूच्याच ठायी निर्माण झालं. योहान १४:२८ ला (‘पिता माझ्यापेक्षा थोर आहे’) फिलिप्पै २:६-७ ची (देवाच्या स्वरूपाचा असून त्याने दासाचं रूप घेतलं) जोड देतात, तेही पटतं.

मार्क १३:३२ (तो शेवटचा दिवस पुत्रालाही ठाऊक नाही, केवळ पित्याला) मात्र घाईत उरकतात. ‘येशू माणूस म्हणून बोलला’ हे उत्तर पुत्रापुरतं चालेल. पण वचनात ‘केवळ पिता’ आहे, मग पवित्र आत्म्याचं काय?

त्रैक्य समजवायला दिलेलं पाणी-बर्फ-वाफ हे उदाहरण तर वगळाच! तो चर्चने नाकारलेल्या साबेलियस या जुन्या शिक्षकाचा पंथ झाला, एकाच व्यक्तीची तीन रूपं. येशूच्या बाप्तिस्म्याच्या वेळी पुत्र नदीत, आत्मा कबुतरासारखा उतरतोय आणि वाणी आकाशातून, हे त्यात बसत नाही. १ योहान ५:७ चा लांब पाठही (स्वर्गात साक्ष देणारे तिघे एक आहेत, असं सांगणारा) पुरावा म्हणून नको. जुन्या ग्रीक हस्तलिखितांत तो नाही. पवित्र शास्त्र स्वतःचं न्या, वचनं भराभर येतात.