पोटाचा कोर्स: पडवीतले आठ आठवडे

मे संपला, शेवटच्या पेट्या वाशीला गेल्या आणि मी घरात बसलो. देवगडात आमचं असंच. तीन महिने आंबा उचलायचा, मग पावसात बसून खायचं. जूनमध्ये शिंप्याच्या टेपने बेंबीवरून घेर मोजला तर ९८ सेंटीमीटर. आपल्याकडच्या पुरुषांचा ९० च्या आत असावा म्हणतात. त्याच रात्री फोनवर जाहिरात आली आणि १,४९९ रुपये भरून पोटाच्या व्यायामाचा आठ आठवड्यांचा कोर्स घेतला. नाव लिहीत नाही, पुढे तक्रार आहे.

व्हिडिओ वीस-बावीस मिनिटांचे, आठवड्यातून पाच. डाउनलोड करून ठेवता येतात, ही मोठी सोय. आमच्याकडे पाऊस लागला की आधी वीज जाते, मागोमाग टॉवर. शिकवणारा हिंदीत बोलतो, आरडाओरडा करत नाही.

पहिले दोन आठवडे खरंच चांगले. प्लँक (कोपरं आणि पायाची बोटं टेकून अंग फळीसारखं सरळ धरायचं), ब्रिज (उताणं पडून, गुडघे दुमडून कंबर वर उचलायची) आणि डेड बग. या शेवटच्यात उताणं पडून हात छताकडे, गुडघे काटकोनात वर. मग उजवा हात डोक्यामागे नेताना डावा पाय सरळ करायचा, नंतर उलट. कंबर जमिनीवरून सुटता कामा नये. दिसतं सोपं. तिसऱ्या फेरीला माझं पोट थरथरायला लागलं. आई उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होती. म्हणाली, "झुरळासारखो उताणो पडान काय हात-पाय हलवतंस रे? पोटात दुखता काय?" आता तिला काय सांगू, व्यायामाचं नावच मेलेला किडा आहे!

प्लँकला कॅमेरा समोरून लावलाय. त्याची कंबर कशी आहे ते दिसत नाही, आपली कळत नाही. मी दीड मिनिट धरतो म्हणून खूश होतो. मुलाने बाजूने माझा व्हिडिओ काढला. "बाबा, झोळी झालीय तुमची." मग कुल्ले आवळून, पोट ताठ ठेवून नीट धरलं तर २२ सेकंदांत कोसळलो.

तिसऱ्या आठवड्यापासून सगळं बिनसलं. रोज शंभर-सव्वाशे क्रंचेस, म्हणजे उताणं पडून डोकं-खांदे पुन्हा पुन्हा उचलायचे. माझी मान धरली. बायकोनेही दोन दिवस करून पाहिले. तिला उठताना पोटाच्या मधोमध उभा उंचवटा येऊ लागला. कणकवलीच्या फिजिओथेरपिस्टने सांगितलं, बाळंतपणानंतर मधले स्नायू फाकलेत, क्रंचेस बंद. कोर्समध्ये याबद्दल अवाक्षर नाही. ‘सर्वांसाठी’ म्हणून पैसे घेता, मग ही एक ओळ लिहायला काय जड होती?

आहाराचा तक्ता बघूच नका. ब्रोकोली आणि ॲव्होकाडो, देवगडच्या बाजारात! मी कुळथाची पिठी, अंडी आणि मासेमारी बंद असल्याने भाजलेला सुका बांगडा यावर भागवलं. रात्रीचा भात निम्मा केला.

शेवटी घेर ९५. जाहिरातीतल्या सिक्स पॅकचा पत्ता नाही, आणि तो लागणारही नव्हता. पोटाचे व्यायाम केले म्हणून पोटाचीच चरबी जात नसते. आतला स्नायू घट्ट होतो, चरबी अंगावरून तिच्या मर्जीने उतरते. ते तीन सेंटीमीटर मी निम्म्या भाताच्या खात्यात टाकतो. कोर्सच्या खात्यात वेगळीच गोष्ट: चतुर्थीला गणपतीच्या शाळेतून, म्हणजे मूर्ती घडवतात तिथून, गणपती डोक्यावर घेऊन शेताच्या मेरेवरून (बांधावरून) चालत आलो, कंबर बोलली नाही. गेल्या वर्षी दोन दिवस आडवा होतो.

आता तक्रार. आठ आठवडे संपले त्या दिवशी खात्यातून पुन्हा १,४९९ गेले. दोन मेल केले, उत्तर नाही. घेतलात तर पहिल्याच दिवशी यूपीआयमधलं ऑटोपे रद्द करा. पाचपैकी अडीच तारे, त्यातले दोन पहिल्या दोन आठवड्यांचे.

आणि पावसात योगा मॅट आणू नका. माझीला दहा दिवसांत बुरशी आली, आणि लादीला पाणी सुटलं की ती सरकते. जुनी सतरंजी दुमडून घ्या.